जे माझ्याबरोबर हलतं

निर्नाद कक्षात उभे राहिले की माणसाला स्वतःचा आवंढा गिळल्याचा आवाज ऐकू येतो. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत हा कक्ष चारही भिंतींना आणि छताला मऊ सुळक्यांनी मढवलेला होता. आत सोडलेला नाद कशावरही आदळून परत येत नसे. मधोमध पोलादी चौकटीवर एका बसचा फक्त मागचा भाग बसवलेला होता. बंपर, टपावर चढायची शिडी, जादा चाक, आणि बंद पडलेली गाडी ओढायला लागतो तो आकडा. बंपरमधल्या सहा वाटोळ्या संवेदकांपैकी एकाची जाळी डॉ. ईश्वरी माळगे पुसत होती, तेवढ्यात दार उघडून डॉ. नुमान पटवेकर आत आले.

"देवनळच्या आगारातून तक्रार आली आहे," ते म्हणाले. "बस मागे जात नाहीत."

"किती?"

"सातही. रिव्हर्स टाकला, की ब्रेक आपोआप लागतो आणि पडद्यावर येतं, मागचा भाग निखळला आहे."

"आणि निखळलाय का?"

"शिडी जागेवर, चाक जागेवर, आकडा जागेवर. तिथल्या मेकॅनिकनं सगळं ठोकून पाहिलं."

ईश्वरीने हातातले फडके खाली ठेवले. एका बसचा संवेदक बिघडू शकतो. सात बसचे सगळे संवेदक एकाच दिवशी, एकच खोटे बोलू लागतील, हे तिला पटेना.

गाडीच्या मागे असे संवेदक असतात, हे आता कुणाला नवे राहिलेले नाही. संवेदक माणसाला ऐकू न येणाऱ्या नादाचा एक ठोका मागे सोडतो आणि कान देऊन बसतो. ठोका भिंतीवर, खांबावर किंवा माणसावर आदळून परत आला, की यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. अंतर घटत जाईल तशी चालकाच्या कानाशी टिकटिक वाढते. अगदी जवळ आले की तिचा एक अखंड सूर होतो. छोट्या मोटारींत एवढे पुरत असे. मोठ्या गाड्यांत एक अडचण होती. त्यांच्या मागे कायम काहीतरी लावलेले असते. शिडी, सायकलींचा सांगाडा, लोंबती साखळी. संवेदक त्यांनाच अडथळा समजून दिवसभर टिकटिक करीत, आणि वैतागलेले चालक ती बंद करून टाकीत. बंद केलेल्या संवेदकांमुळे माणसे चिरडली जात.

यावर उपाय शोधला तो नुमान पटवेकरांनी. त्यांचा विचार एका ओळीत मावणारा होता. गाडी मागे जाताना भिंत जवळ येते, झाड जवळ येते, पण शिडी जवळ येत नाही. म्हणजे गाडी हलली तरी ज्याचे अंतर बदलत नाही, ते गाडीचेच. ते विद्यार्थ्यांना सांगताना गाडीच्याच तोंडचे वाक्य करून सांगत, "जे माझ्याबरोबर हलतं, ते मी."

या नियमाने प्रत्येक बस काही आठवडे निरीक्षण करून आपल्या शरीराचा नकाशा स्वतःच तयार करी. त्याला त्यांनी स्वाकृती असे नाव दिले होते. स्वाकृतीत जमा झालेल्या वस्तूबद्दल बस ओरडत नसे, साखळीसारखी ती मागेपुढे झुलली तरीही. मात्र स्वाकृतीतली एखादी वस्तू जागेवर सापडली नाही, तर बस जागच्या जागी थांबे. शिडी तुटून पडली असेल तर ती चाकाखाली येऊ नये, म्हणून ही दुसरी तरतूद होती.

"तू जाऊन बघ," नुमान म्हणाले. "मला वाटतं, स्वाकृतीत काहीतरी जास्तीचं घुसलंय."

देवनळ सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वसलेले गाव. तिथे सपाट जागा म्हणून नाहीच. आगार डोंगर कापून केलेल्या एका अरुंद खोबणीत होते. बस तोंड पुढे करून आत शिरत, आणि वळायला जागा नसल्याने बाहेर पडताना चढावरून तशाच मागे मागे रस्त्यापर्यंत जात. बाकीच्या सगळ्या थांब्यांवर वळसा घ्यायला मोकळी जागा होती. म्हणजे या सात बसना मागे जायची वेळ दिवसातून येई ती फक्त इथे. त्यात डिसेंबरचे धुके. मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर सतत दव साचे, आणि पडद्यावर करड्या रंगाखेरीज काही दिसत नसे.

आगारप्रमुख किरण धोत्रे फाटकातच उभे होते. दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

"मॅडम, तीन दिवस झाले," ते म्हणाले. "डायलिसिसचे पेशंट जीपमध्ये कोंबून खाली पाठवतोय. कॉलेजची पोरं घाट चालत उतरताहेत. काहीतरी करा."

ईश्वरीने आधी संवेदक तपासले. सहाही ठणठणीत होते. मग तिने पहिल्या बसला आपला हातातला संगणक-फलक जोडला आणि तिची स्वाकृती पडद्यावर मागवली. नादाने काढलेले चित्र असल्यामुळे कडा धूसर होत्या, पण ओळखता येत होते. हा बंपर, ही शिडी, हे चाक, हा आकडा. आणि बंपरपासून दोन मीटर मागे, कशालाही न जोडलेले असे एक उभे काहीतरी. साधारण पाच फूट उंच, वर निमुळते, मध्ये रुंद, आणि चालताना किंचित डुलणारे.

तिने दुसऱ्या बसची स्वाकृती मागवली. तिथेही ते होते. तिसरीतही.

"धोत्रेसाहेब, बसच्या मागे दोन मीटरवर काय असतं?"

"मागे? मागे काय असणार? मोकळा रस्ता."

ईश्वरीने चालकाला बस मागे घ्यायला सांगितले. चालकाचे नाव अमोल खरात. तो बसला, रिव्हर्स टाकला, काच खाली केली आणि डोके बाहेर काढून तसाच थांबला.

"घ्या ना मागे," ईश्वरी म्हणाली.

"हो, घेतो." तो ओशाळला. "सवय झालीये मॅडम. सारिकाताईंनी हाक दिल्याशिवाय पाय उठत नाही."

"कोण सारिकाताई?"

"आमच्या गाड्या मागे घेणाऱ्या. पाठीमागं उभ्या राहतात. आम्ही मागं जाऊ तशा त्याही मागं मागं चालतात, येऊ द्या, येऊ द्या म्हणत. चार वर्षं झाली. निपाणीला पुतण्याच्या लग्नाला गेल्यात."

"कधीपासून?"

"शनिवारपासून," अमोल म्हणाला, आणि मग स्वतःच हिशेब लागल्यासारखा तिच्याकडे पाहू लागला.

ईश्वरी बसच्या मागे गेली. दोन मीटरवर उभी राहिली. "या मागे," तिने हाक दिली आणि बस हलू लागताच तीही त्याच चालीने मागे सरकू लागली. ब्रेक लागला नाही. टिकटिकही वाजली नाही. बस गुमान चढाच्या टोकापर्यंत आली.

धोत्रेंनी टाळी वाजवली.  ईश्वरीने मात्र तिथूनच नुमानना फोन लावला.

"सर, एक बाई आहेत. बसच्या मागे उलट्या चालत रस्ता दाखवतात. बस जितकी मागे येते तितक्याच त्या मागे जातात. दोन मीटर अंतर कधी मोडत नाहीत."



"म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे त्या शिडीच झाल्या," नुमान म्हणाले. "आणि त्या रजेवर गेल्यावर बसला वाटलं, आपला एक अवयव गळून पडला."

"तेवढंच असतं तर ठीक होतं. पण स्वाकृतीत असलेल्या वस्तूबद्दल बस ओरडत नाही. ही यंत्रणा बसवल्यापासून, गेलं वर्षभर, या बाई सात बसच्या मागे चालताहेत आणि एकाही बसला त्या दिसत नाहीयेत. त्या अडखळल्या, तर?"

"तर साखळी झुलली, असं धरून बस पुढे... म्हणजे मागे जात राहील."

"तेच म्हणते मी."

"काढून टाक," नुमान म्हणाले. "ती आकृती पुसून टाक. मग बस त्यांना माणूस म्हणून, म्हणजे अडथळा म्हणून मोजेल. अशा बाया-माणसं दुसऱ्या आगारांतही असणार. मी सगळीकडे पाठवायचा आदेश तयार करतो. तू आधी देवनळला करून बघ."

दोघांनाही त्यात काही चूक दिसली नाही. तेव्हा कुणालाही दिसली नसती.

सारिका आडिवरेकर त्याच दुपारी जीपने वर आल्या. बस अडल्याचे कानावर गेल्यावर लग्नाची पूजा सोडून निघाल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, काष्ठाच्या रंगाचा जाड कोट, कानाला मफलर. आवाज असा, की खोबणीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसानेही मान वळवावी. पूर्वी त्या कंडक्टर होत्या. तिकिटे आपोआप निघू लागली, तेव्हा बाकीच्यांनी नोकरी सोडली आणि त्यांनी हे काम मागून घेतले.

ईश्वरीने त्यांना सगळे समजावून सांगितले. त्या ऐकत होत्या, आणि मध्येच हसल्या.

"म्हणजे गाडीला मी तिचीच वाटते? बरंय की."

"बरं नाहीये ताई. तिला तुम्ही वेगळ्या दिसतच नाही. तुम्ही मध्ये आलात तरी ती थांबणार नाही."

"पण अमोलला दिसते ना मी? नाही दिसले धुक्यात, तर ऐकू येते. गाडीला दिसून काय करायचंय?" त्यांनी मफलर घट्ट केला. "मॅडम, एक सांगू? मी आले, गाड्या चालायला लागल्या. आता हात नका लावू. चाललंय ते चालू द्या."

"मी माहीत असून तुम्हाला त्या बसमागे चालू देऊ शकत नाही."

"आणि पुसल्यावर काय होईल?"

"तुम्ही मागे असाल तोवर आत टिकटिक वाजत राहील. तुम्ही फार जवळ आलात, तर बस स्वतःच थांबेल."

सारिकाताईंनी धोत्रेंकडे पाहिले. धोत्रेंनी खांदे उडवले. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञाचे म्हणणे मोडायची त्यांची तयारी नव्हती, आणि फाटकाबाहेर माणसे उभी होती. "करा मग," ताई म्हणाल्या.

ईश्वरीने पहिल्या बसच्या स्वाकृतीतून ती उभी आकृती निवडली आणि पुसली. नकाशात शिडी, चाक आणि आकडा एवढेच उरले. तिने अमोलला सांगितले, "आता ताईंच्या आवाजावर विसंबू नका. टिकटिक ऐका. संथ वाजतेय तोवर ताई मागे आहेत आणि अंतर पुरेसं आहे. जलद झाली तर थांबा. बंद झाली, की वाट मोकळी."

"कळलं," अमोल म्हणाला.

ताई मागे जाऊन उभ्या राहिल्या. ईश्वरी खोबणीच्या भिंतीला पाठ लावून बाजूला थांबली. धुके दाट होते, तिला बसचा मागचा दिवा आणि ताईंचा कोट तेवढा दिसत होता. बस हलली. केबिनमधून टिकटिक ऐकू येऊ लागली, संथ, एकसारखी. "येऊ द्या, येऊ द्या." टिकटिकीच्या वर ताईंचा आवाज जेमतेम येत होता. अर्धा चढ पार झाला.

कडेच्या ओल्या शेवाळावर ताईंचा पाय सरकला. त्या कुशीवर आपटल्या. डोके दगडाला लागल्याने की धक्क्याने, त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आणि टिकटिक बंद झाली.

केबिनमध्ये अमोलने ती शांतता ऐकली. ताई बाजूला झाल्या, वाट मोकळी झाली, असे त्याने धरले आणि जरा वेग वाढवला. ईश्वरीला दिवा पुढे सरकताना दिसला आणि कोट दिसेनासा झाला. ती ओरडत धावली, बसच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवू लागली. अमोलने ब्रेक दाबला, तेव्हा बसचा मागचा सगळा भाग ताईंच्या अंगावरून सरकून गेला होता, आणि मागचे चाक त्यांच्या डाव्या पायावर चढून थांबले होते.

जीव वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

धोत्रेंनी वरिष्ठांना कळवले, की पुण्याच्या तज्ज्ञ मॅडम प्रसंगावधान राखून धावल्या म्हणून कर्मचारी वाचली. गावातही तेच बोलले जाऊ लागले. शुद्धीवर आल्यावर सारिकाताईंनीही तेच ऐकले. ईश्वरी त्यांना भेटायला गेली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिने काहीतरी पुटपुटून हात काढून घेतला आणि त्याच दिवशी पुण्याला परतली. टिकटिक का बंद झाली, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात होता. जवळ आलेल्या माणसाला पाहून ती जलद व्हायला हवी होती.

प्रयोगशाळेच्या मागच्या मैदानात तिने आणि नुमाननी देवनळसारखाच चढ बांधला आणि रुळावरून चालणारा, मध्येच कोसळणारा एक पुतळा तयार केला. त्याला कोट घातला. चाचणीसाठी आणलेल्या दोन बसपैकी पहिलीच्या स्वाकृतीतून पुतळा पुसलेला होता. बस मागे आली, टिकटिक वाजली, पुतळा कोसळला, आणि टिकटिक थांबली. बस त्याच्या अंगावरून गेली.

"संवेदक थोडा वर रोखलेला आहे," नुमान म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "रस्त्याचाच प्रतिध्वनी येऊन घोटाळा होऊ नये म्हणून आपणच तो तसा लावला. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतचं त्याला काही दिसत नाही. त्यात जाड कोट नाद शोषून घेतो. आपण धरून चाललो होतो, की माणूस पडला म्हणजे तो बसच्या जवळ येईल. ईश्वरी, पडलेला माणूस जवळ येत नाही. तो नाहीसा होतो."

"आणि नाहीसा झाला, की अडथळा गेला, असं बस समजते."

"हो."

ईश्वरीने मैदानात जाऊन पुतळा उचलून पुन्हा उभा केला. "सर, आता दुसरी बस लावू या. जिच्या स्वाकृतीत पुतळा आहे ती."

दुसरी बस मागे आली. टिकटिक वाजली नाही, कारण आपल्याच शरीराबद्दल बस ओरडत नसते. पुतळा कोसळला. त्याच क्षणी बसने कचकन ब्रेक लावला आणि ती जागेवर थबकली. पुतळा तिच्यापासून दीड मीटर दूर पडलेला होता.

त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा केला. मग पुतळा पाठीवर पाडला, तोंडावर पाडला. बस दर वेळी थांबली.

 नुमान म्हणाले, "परक्या वस्तूचं नाहीसं होणं ही बसला आनंदाची बातमी असते. स्वतःच्या अवयवाचं नाहीसं होणं म्हणजे संकट. सारिकाबाई तिचा अवयव होत्या तोवर त्या सुरक्षित होत्या. वर्षभर त्या कधीही पडल्या असत्या, तरी सातातली प्रत्येक बस थांबली असती."

"आपण त्यांना माणूस केलं," ईश्वरी म्हणाली.

इतर आगारांना पाठवायचा आदेश नुमाननी अपघातानंतर थांबवून ठेवला होता. आता त्यांनी तो पुसून टाकला.

देवनळला परत जायचे की नाही, यावर ईश्वरीने दोन दिवस घालवले. चौकशीचा मसुदा तिच्यासमोर होता. त्यात दोष कुणाचाच नव्हता. शेवाळ, धुके, दुर्दैव. तज्ज्ञांच्या तत्परतेने जीवितहानी टळली. तिने सही केली असती, तर पुढे कुणी काही विचारलेही नसते. सही न करता ती घाटाखालच्या रुग्णालयात गेली.

सारिकाताई उशीला टेकून बसल्या होत्या. ईश्वरीने खुर्ची ओढली आणि प्रयोगात काय आढळले ते पहिल्यापासून सांगितले. मधले काही गाळले नाही.

ताईंनी सगळे ऐकून घेतले. मग एकच विचारले, "म्हणजे तुम्ही ते पुसलं नसतं, तर?"

"तर बस थांबली असती."

"मी म्हटलं होतं ना, हात लावू नका?"

"म्हणाला होतात."

ताईंनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर वॉर्डबॉय कुणाशी तरी भांडत होता. ते भांडण संपले तरी त्या वळल्या नाहीत. ईश्वरी उठू लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा. गेलेलं परत येणार नाही. रडायचं ते मी रडून घेतलंय, अजून रडेन. पण हे तुम्ही मला तोंडी सांगून मोकळ्या होऊ नका. चौकशीत सांगा, सगळ्यांसमोर. बाकीच्या डेपोत माझ्यासारखी किती माणसं आहेत?"

"अकरा सापडलीत आतापर्यंत."

"त्यांना कळायला पाहिजे."

ईश्वरीने चौकशी समितीसमोर तसेच सांगितले. परिणाम अपेक्षित होते. धोत्रेंनी तिच्याशी बोलणे बंद केले, कारण त्यांचा अहवाल खोटा ठरला. संस्थेने तिला चौकशी पुरी होईपर्यंत क्षेत्रकामातून दूर केले. नुमाननी आपलेही नाव तिच्या नावाशेजारी घालायला लावले, त्यामुळे त्यांनाही दूर केले गेले. पण नवा नियम लिहायचे काम दोघांकडेच राहिले. दुसऱ्या कुणाला तो लिहिता येत नव्हता.

नव्या नियमात बस आपल्या मागे येणाऱ्या प्रत्येक सजीव-निर्जीव गोष्टीला पहिल्या काही क्षणांतच आपली म्हणून धरणार होती. टिकटिक वाजणार होतीच, पण थांबण्याचे कारण आता निराळे होते. सहा संवेदकांच्या टप्प्यातून एखादी गोष्ट कडेकडेने सरकत बाहेर गेली, तर ती गेली. चालती झाली. पण मध्येच, कडेला न जाता नाहीशी झाली, तर ती पडली आहे, आणि ती पुन्हा सापडेपर्यंत बस हलणार नाही. लिहायला सोपा नियम होता. इतकी वर्षे तो कुणाला सुचला नव्हता, कारण सगळेजण बसला काय दिसते याचाच विचार करीत होते, आणि काय दिसेनासे होते याचा कुणी केला नव्हता.

समितीने मान्यता देण्यापूर्वी इतर आगारांतल्या त्या अकरा वाटाड्यांच्या वतीने कुणीतरी चाचणी पाहावी, असे ठरले. त्या अकरा जणांनी सारिका आडिवरेकरांचे नाव दिले.

मार्चमधल्या एका सकाळी त्या पुण्याच्या मैदानात आल्या. नव्या कृत्रिम पायाची सवय व्हायची होती. चाकाच्या खुर्चीतून उतरून, कुबडीवर, त्या हळूहळू चढाच्या कडेपर्यंत आल्या. नुमाननी त्यांना पुतळा दाखवला, तो कसा चालतो, कसा कोसळतो, ते समजावले. समितीचे सदस्य तंबूत खुर्च्यांवर बसले होते.

"ह्या बाहुल्याला कोट घातलाय तो माझ्यासारखा?" ताईंनी विचारले.

"हो. तशाच कापडाचा."

"बाहुला नको."

"म्हणजे?"

"बाहुला कधी पडणार, हे आधीच ठरलेलं असतं. माणसाचं तसं नसतं. माणूस लावा मागे." त्यांनी ईश्वरीकडे पाहिले. आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "तुमचा विश्वास आहे ना ह्या नियमावर?"

समितीतले एक वयस्कर सदस्य उठून म्हणाले, की हे नियमात बसत नाही. नुमान म्हणाले, "मी जातो." ईश्वरीने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती पुतळ्याजवळ गेली, त्याचा कोट काढून स्वतः घातला, बटणे लावली आणि बसच्या मागे दोन मीटरवर जाऊन उभी राहिली. कोट तिला ढगळ होत होता.

चालक नवा होता. त्याला फक्त बस मागे घ्यायला सांगितले होते. ईश्वरीने हाक दिली. बस हलली. ती मागे मागे चालू लागली. तिचे गणित तिला पाठ होते. संवेदकाचा कोन, कापडात शोषला जाणारा नाद, ब्रेक लागायला लागणारा वेळ. चालताना त्यातले काहीही तिला आठवले नाही. तिला फक्त बंपर दिसत होता, आणि त्याच्या खालचा अंधार.

अर्ध्या चढावर तिने गुडघे सैल सोडले आणि पाठीवर पडली.

डोळे तिने मिटून घेतले होते. आपण ते मिटले आहेत हे तिला ब्रेकच्या आवाजानंतर कळले. उघडले तेव्हा बस तिच्या पावलांपासून दोन हातांवर उभी होती आणि जराही हलत नव्हती. तंबूतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग आणखी दोघा-तिघांनी. नुमान धावत येत होते. त्यांच्या आधी कुबडीचा आवाज आला. सारिकाताई तिच्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी बसकडे पाहिले, बस आणि ईश्वरी यांच्यातल्या जागेकडे पाहिले, आणि मग खाली ईश्वरीकडे.

"उठा," त्या म्हणाल्या. "परत एकदा करा. या वेळी कुशीवर पडा. मी कुशीवर पडले होते."

ईश्वरी उठली, कोटावरची माती झटकली आणि चालकाला बस पुन्हा खाली न्यायची खूण केली.